कॉव्हेंट्रीला निघालेल्या भाचीस

भोसरी, पुणे

चि. मानसी,


व्हिसा आल्याचं ताईने कळवलं. आता सप्टेंबरात तू वॉरिक विद्यापीठात एम.एस्सी.ला जाणार. नाव वॉरिक असलं तरी हे विद्यापीठ आहे कॉव्हेंट्री शहराच्या वेशीवर, आणि मोटारीच्या धंद्यातल्या माणसाला कॉव्हेंट्री काय आहे हे थोडं आधी कळलेलं बरं. परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, जॅग्वार म्हणजे दिसायला देखणी आणि सारखी गॅरेजमध्ये, असं आमच्या कंपनीत सगळे म्हणतात. मग टाटांनी ती घेतली कशाला?’ दोन वाक्यांत देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसलो. देखणी हे खरं. सारखी गॅरेजमध्ये, हेही एका काळात खरं होतं. तिचं हे दोन्ही तऱ्हेचं नाव कसं झालं आणि त्यातलं दुसरं पुसायला काय काय करावं लागलं, ते सांगतो. माझं आयुष्य भोसरीच्या कारखान्यांत इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेलं. गाडीकडे मी त्या टेबलावरूनच बघतो आणि तूही दोन वर्षं चाकणला तेच केलं आहेस.

विल्यम लायन्स हा ब्लॅकपूलचा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे सुट्टीचं गाव. वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. त्यांच्याच रस्त्यावर राहायला आलेला विल्यम वॉल्म्सली मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवायचा. अॅल्युमिनियमच्या, अष्टकोनी, चकचकीत. लायन्सने त्याच्याकडून एक विकत घेतली आणि लगेच भागीदारीची गोष्ट काढली. दोघांच्या वडिलांनी हजार पौंडांसाठी बँकेला हमी दिली आणि १९२२ च्या सप्टेंबरात, लायन्सला एकविसावं वर्ष पूर्ण होऊन त्याची सही कायद्याने ग्राह्य ठरल्यावर, ‘स्वॉलो साइडकार कंपनी’ उभी राहिली. पाच वर्षांनी त्यांनी ऑस्टिन सेव्हन या तेव्हाच्या सर्वसामान्यांच्या गाडीचा सांगाडा घेऊन त्यावर आपली बॉडी चढवली. गाडी तीच, पण दोन रंगांतली, गोलाईची, दारात उभी राहिली की शेजारी विचारतील अशी. मागणी वाढली आणि ब्लॅकपूलमध्ये हात चालणारी माणसं मिळेनात, म्हणून १९२८ मध्ये सगळा बारदाना कॉव्हेंट्रीला हलला.

कॉव्हेंट्री का, हे समजून घे. ते आधी घड्याळं करणाऱ्यांचं गाव होतं. मग तिथे शिलाई मशीन आलं, मग सायकल, मग १८९० च्या दशकात मोटार. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या बारीक काम चाललं की सूतभराचा फरक डोळ्यांनी ओळखणारी माणसं तयार होतात. लायन्स गेला तो त्या माणसांसाठी. त्याचा तिथला पहिला कारखाना फोल्सहिल भागात होता. आज त्याच फोल्सहिलमध्ये पंजाबी आणि गुजराती दुकानांची रांग आहे. मेथी, कोथिंबीर, कणीक मिळायची अडचण पडणार नाही, असं ताईला सांग.

१९३१ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्यांची ‘एसएस वन’ आली. किंमत ३१० पौंड, आणि बघणाऱ्याला वाटावं हजाराची असेल. त्या गाडीची एक हकिकत लायन्सबद्दल बरंच सांगून जाते. गाडी तयार होत असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात असताना वॉल्म्सलीने आत बसणाऱ्याचं डोकं टेकतं म्हणून छत उंच केलं. लायन्स परत आला तेव्हा वेळ निघून गेली होती, गाडी तशीच प्रदर्शनात गेली. लोकांनी डोक्यावर घेतली, पण लायन्सला ते छत पुढे कायम खुपलं आणि पुढच्याच वर्षापासून त्याने गाडीचा आकार सुधारून घेतला. दोघा भागीदारांचे स्वभाव वेगळे होते. एकाला चांगला धंदा पुरेसा होता, दुसऱ्याला पुरत नव्हता. १९३५ च्या सुमारास वॉल्म्सली बाजूला झाला.

‘जॅग्वार’ हे नाव आलं त्याच १९३५ मध्ये, एका मॉडेलचं नाव म्हणून. लंडनच्या मेफेअर हॉटेलात विक्रेत्यांना जेवायला बोलावून लायन्सने नवी गाडी दाखवली आणि किंमत किती असेल ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. चिठ्ठ्यांची सरासरी निघाली सहाशे पौंडांच्या वर. खरी किंमत चारशेच्याही आत होती. जॅग्वारचं पहिलं नाव झालं ते इथे: दाम अर्धा, दिमाख दुप्पट.

पण ती किंमत जमत कशी होती? रेखाटन आपलं, बॉडी आपली. बाकी सांगाडा, इंजिनाचे भाग, दिवे, वायरिंग, काचा, रबर हे सगळं बाहेरून. आणि बाहेरच्यांशी घासाघीस अशी की एक पेनीही सुटू नये. लायन्स त्या बाबतीत फार कठोर होता. आमच्या शॉपमध्ये एका बड्या गिऱ्हाईकाचा परचेसचा माणूस दर वर्षी यायचा, चहा घ्यायचा आणि भागामागे पैसे कमी करा म्हणायचा. महिन्याने त्याच कंपनीचा क्वालिटीचा माणूस येऊन त्याच भागाचा लॉट परत पाठवायचा. दोघं एकमेकांशी बोलत होते की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. तूही अशा बैठकांना बसली असशील. जॅग्वारच्या पुढच्या दुखण्याचं बी मला लायन्सच्या त्या घासाघिशीत दिसतं, आणि मी त्या माणसाला मानतो म्हणूनच हे लपवत नाही.

त्याची नजर मात्र विलक्षण होती. तो कागदावर रेघ ओढणाऱ्यांतला नव्हता. फ्रेड गार्डनर नावाचा त्याचा सुतारखान्याचा प्रमुख होता. लायन्स उभा राहून सांगायचा, गार्डनरची माणसं लाकूड आणि पत्र्यात पूर्ण मापाची गाडी उभी करायची. मग ‘ही कड थोडी खाली घ्या’, ‘इथली फुगी मोडा’, असं दिवसचे दिवस चालायचं. आकार मनासारखा झाला की तो नमुना उचलून वॉपनबरी हॉल या त्याच्या घरी न्यायचे आणि अंगणात ठेवायचे. कारखान्याच्या दिव्याखाली गाडी बघू नये, लोक ती घरासमोर, उन्हात बघणार आहेत, हे त्याचं म्हणणं. त्या वेळच्या कुठल्याही जॅग्वारच्या छताची रेघ पुढच्या काचेपासून मागच्या दिव्यापर्यंत बोटाने हवेत काढून बघ, मध्ये बोट कुठे अडत नाही.

महायुद्धात दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की स्टँडर्ड कंपनीकडे लायन्सच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या सहा सिलिंडर इंजिनाची यंत्रसामग्री होती. तिचा प्रमुख सर जॉन ब्लॅक ती विकायला तयार झाला. लायन्सने पैसे आणि ट्रक जवळजवळ एकदमच पाठवले आणि सामान आपल्या आवारात आणून टाकलं. ब्लॅकला नंतर पश्चात्ताप झाला, त्याने परत मागितलं. लायन्सने दिलं नाही. इंजिन स्वतःच्या हातात असणं म्हणजे काय, हे त्याला पुरतं समजलं होतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीचं मध्यवर्ती शहर जळून गेलं, त्यातच मध्ययुगीन कॅथीड्रलही. त्याचे उघडे पडलेले अवशेष आजही तसेच जपून ठेवलेले आहेत, ते आवर्जून बघ. पुढे कारखान्यांवर आगीची टेहळणी करायला रात्रपाळ्या लागल्या. लायन्सने आपल्यासोबत त्या पाळीत विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या तीन इंजिनिअरांना घेतलं. आगीवर लक्ष ठेवता ठेवता चौघांनी युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार केला. माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असलेलं, सहा सिलिंडरचं, उघडल्यावरही सुंदर दिसलं पाहिजे असं इंजिन. तेच ‘एक्सके’. १९४८ मध्ये ते लोकांपुढे आलं आणि डेमलरच्या लिमोझिनमध्ये १९९२ पर्यंत बसत राहिलं. रात्रपाळीत जमलेल्या त्या चार माणसांचं काम ४० वर्षांहून जास्त चाललं.

१९४५ मध्ये कंपनीने ‘एसएस’ ही अक्षरं टाकली. जर्मनीत त्याच अक्षरांनी जे केलं होतं ते जगापुढे आलेलं होतं. मग सगळ्या कंपनीचंच नाव ‘जॅग्वार कार्स’ झालं.

१९४८ च्या लंडन प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ आली. खरं तर ती नव्या इंजिनाची जाहिरात म्हणून घाईने केलेली गाडी. थोड्याच विकायच्या बेताने सुरुवातीच्या बॉड्या हाताने, लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियम ठोकून केल्या. मागणी इतकी आली की पोलादाच्या बॉडीचे साचे करावे लागले. नावातला १२० हा ताशी मैलांचा आकडा. लोकांना तो पटेना, म्हणून १९४९ मध्ये बेल्जियममधल्या याबेके गावाजवळच्या सरळ रस्त्यावर पत्रकारांसमोर गाडी पळवली. १३२ मैलांच्या वर गेली. दावा केल्यापेक्षा जास्त देणं, ही सवय कंपनीने त्यानंतरही ठेवली असती तर मला हे पत्र इतकं लांबवावं लागलं नसतं.

आता ब्रेकविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण पुरवठादाराला श्रेय मिळण्याची अशी उदाहरणं फार नसतात. फ्रान्समधल्या ल मां इथे २४ तासांची शर्यत होते. जॅग्वारने ती १९५१ मध्ये पहिल्यांदा जिंकली. तिथला एक सरळ रस्ता तेव्हा सुमारे सहा किलोमीटरचा होता आणि त्याच्या टोकाला घट्ट वळण. २४ तास, प्रत्येक फेरीला, भरधाव गाडी तिथे जवळजवळ थांबवायची. ड्रम ब्रेकमध्ये घर्षण बंद जागेत होतं, उष्णता कोंडते, लायनर पकड सोडतात आणि काही तासांनी पेडल दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. विमानांसाठी डिस्क ब्रेक निघाले होते. डनलॉप कंपनीची माणसं आणि जॅग्वारचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांनी तो ब्रेक मोटारीत बसवायचा घाट घातला. सोपं गेलं नाही. तेल उकळायचं, पेडल खाली जायचं, पॅड झिजायचे. ड्यूइस चालवून बघायचा, परत यायचा, डनलॉपचे लोक भाग बदलायचे, तो पुन्हा निघायचा. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर ल मां जिंकली, २४ तासांचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास ठेवून. इतर जिथे ब्रेक लावत, त्याच्या बरंच पुढे जाऊन हे लावू शकत होते. आज तुझ्या बाबांच्या गाडीच्या पुढच्या चाकांत जी गोल चकती दिसते तिचा रस्ता त्या वर्षाने मोकळा केला. बक्षीस जॅग्वारच्या नावावर लागलं. निम्मं काम पुरवठादाराचं होतं.

त्याच ब्रेकची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५५ च्या ल मां मध्ये माइक हॉथॉर्नच्या जॅग्वारने पिटकडे जाण्यासाठी त्या ब्रेकच्या जोरावर एकदम वेग कमी केला, मागची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला बाजूला झाली, आणि मागून आलेली मर्सिडीज हीलीवर आदळून प्रेक्षकांत गेली. ८० हून अधिक माणसं मेली. चौकशीत कुणा एका ड्रायव्हरवर ठपका आला नाही. शर्यत चालू राहिली आणि जॅग्वारने ती जिंकली. लायन्सचा एकुलता एक मुलगा जॉन त्याच शर्यतीसाठी गाडीने निघाला होता. तो फ्रान्समध्ये वाटेतच अपघातात गेला. कंपनीच्या मागे वारस राहिला नाही. दहा-अकरा वर्षांनी लायन्सने ती दुसऱ्या कंपनीत विलीन का केली, याचं कारण शोधताना लोक आकडे काढतात. मला तो मुलगा आठवतो.

१९५७ च्या फेब्रुवारीत ब्राउन्स लेन इथल्या जॅग्वारच्या तेव्हाच्या कारखान्याला आग लागून जवळजवळ अर्धा भाग गेला. त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉटलंडच्या एका खासगी संघाने जॅग्वारच्या डी-टाइपवर ल मां जिंकली. पहिल्या चारही जागा डी-टाइपच्या होत्या.

आणि मग १९६१. जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप दाखवायची होती. पत्रकारांना चालवून बघायला एक गाडी पुरेना, म्हणून कॉव्हेंट्रीहून ड्यूइसला फोन गेला: दुसरी घेऊन नीघ. तो रात्रभर गाडी चालवून सकाळी जिनिव्हात हजर झाला. ई-टाइपची रेघ माल्कम सेयरची. तो विमानाच्या कंपनीतून आला होता आणि गाडीचा आकार गणिताने, आकडे मांडून काढायचा. ताशी १५० मैलांचा दावा, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयाने १९९६ मध्ये एक ई-टाइप कायमच्या संग्रहात घेतली.

एका विंटेज रॅलीत मी ई-टाइप जवळून बघितली आहे. गर्दी लांबून फोटो काढत होती, मी बॉनेटजवळ वाकलो. पुढचं सगळं नाक एकत्र पुढे कलून उघडतं. बॉनेटचा मधला भाग आणि दोन्ही बाजूंची मडगार्डं वेगवेगळ्या पत्र्यांची आहेत आणि जोडावर क्रोमची बारीक पट्टी आहे. इतक्या लांब गोलाईत तीन पत्रे एका पातळीत आणायचे तर प्रेसचं काम अव्वल पाहिजे किंवा ठोकणाऱ्याचा हात. मी नखाने कड तपासली. एका बाजूला बसली होती, दुसऱ्या बाजूला किंचित उचललेली. मालकाला विचारलं, बाकी काय त्रास? तो म्हणाला, ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि वायरिंग. एवढ्या सुंदर गाडीबद्दल हे दोन शब्द त्याने कसलाही विचार न करता सांगितले.

वायरिंगची ख्याती जगभर होती. इंग्लिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीला अमेरिकेतले गिऱ्हाईक ‘अंधाराचा युवराज’ म्हणायचे, कारण दिवे कधी जातील याचा नेम नसायचा. गाडीवर नाव लुकासचं नव्हतं. रात्री रस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसाने शिव्या दिल्या त्या जॅग्वारला.

१९६६ मध्ये जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये गेली, १९६८ मध्ये सगळं मिळून ब्रिटिश लेलँड झालं. त्याच वर्षी आलेली एक्सजे-६ ही लायन्सच्या नजरेखालची शेवटची मोठी गाडी, आणि माझ्या मते जॅग्वारची सर्वांत पूर्ण गाडी. १९७२ मध्ये तो निवृत्त झाला. पुढच्या आठ वर्षांत नाव कसं गेलं ते ऐक. १९७५ मध्ये लेलँड सरकारच्या ताब्यात गेली. जॅग्वार हा एका प्रचंड कंपनीचा एक विभाग उरला. खरेदी वरून व्हायची, बॉडी कासल ब्रॉमविचहून रंगून यायची आणि तिथल्या नव्या रंगकामाच्या अडचणींमुळे १९७९ ची नवी मालिका सुरुवातीला जेमतेम दोन-तीन रंगांत मिळत होती. एवढ्या महागड्या गाडीच्या गिऱ्हाईकाला ‘लाल, पांढरा किंवा पिवळा घ्या’ म्हणायची वेळ आली. संप सतत. ब्राउन्स लेनच्या इंजिनिअरांनी हार मात्र मानली नव्हती. वरून रोव्हरचं व्ही-८ इंजिन गळ्यात मारतील म्हणून नव्या गाडीची इंजिनाची जागा त्यांनी मुद्दाम अशी आखली की ते बसूच नये, असं तिथले जुने लोक सांगतात.

१९८० च्या एप्रिलमध्ये जॉन इगन प्रमुख म्हणून आला. कामगार संपावर, तोटा आठवड्याला सुमारे दहा लाख पौंड, अमेरिकेत वर्षाला विक्री जेमतेम तीन हजार गाड्या. त्याने काय केलं ते तू नीट वाच, कारण तुझ्या अभ्यासक्रमात हे चार ओळींत उरकतील. त्याने मालकांना फोन करून विचारायला लावलं: तुमच्या गाडीत काय बिघडतं? मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या मालकांनाही हेच विचारलं. त्यातून साधारण १५० दोषांची यादी निघाली. प्रत्येक दोषामागे एक गट लावला, सर्वांत वाईट दोष संचालकांच्या गळ्यात. आणि यादी उलगडल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त दोष बाहेरून आलेल्या भागांचे. रेडिओची एरियल, टायर, स्विच, रिले, पाण्याचे पाइप. पाच-दहा पौंडांच्या वस्तू.

इगनने पुरवठादारांना सांगितलं, तुमचा भाग वॉरंटीत गेला तर भागाचीच नव्हे, दुरुस्तीचीही किंमत तुम्ही द्यायची. हे कडक वाटेल, पण तो एवढ्यावर थांबला नाही. पुरवठादारांचे लोक त्याने त्या दोषांच्या गटांत बसवले, बिघडलेला भाग त्यांच्या हातात ठेवला, आपल्या रेखाटनात चूक असेल तर तीही दाखवा म्हणाला. तीस वर्षांपूर्वी डनलॉप आणि ड्यूइस जे करत होते तेच हे. हजारो कामगार त्याने कमी केले, ती त्याची कठोर बाजू, आणि त्या घरांचं दुःख मी हिशेबाबाहेर ठेवणार नाही. पण गाड्या सुधारल्या. पाच-सहा वर्षांत अमेरिकेतली विक्री २० हजारांच्या वर गेली. १९८४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा शेअरसाठी उड्या पडल्या. म्हातारा लायन्स अधूनमधून येऊन नव्या गाडीचे नमुने बघायचा; १९८५ च्या फेब्रुवारीत तो गेला, आपलं नाव पुन्हा उभं राहिलेलं पाहून.

इगनची यादी वाचली तेव्हा मला आमच्या शॉपचे दिवस आठवले. महिनाअखेर, डिस्पॅच अडलेला, गेज जात नाही, आणि सुपरवायझर म्हणतो, ‘दहा मायक्रॉननं काय होतंय, डेव्हिएशन घे आणि सोड.’ सोडलेला तो भाग कुठल्या गाडीत बसतो, कुठल्या घाटात अडकतो, हे सोडणाऱ्याला कधीच कळत नाही. इगनने ते कळवण्याची सोय केली. त्याच्याबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो एवढ्यासाठी.

फोर्डने १९८९ मध्ये जॅग्वार घेतली, १६० कोटी पौंडांना. फोर्डच्या काळाला लोक सरसकट नावं ठेवतात, ते मला पटत नाही. फोर्डने पैसा ओतला, कारखान्यांना शिस्त लावली. २००९ मध्ये जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेने तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या टिकाऊपणाची पाहणी केली, तेव्हा जॅग्वार ब्यूइकच्या बरोबरीने पहिली आली. त्या गाड्या फोर्डच्या काळात बनलेल्या. तुझ्या कंपनीतल्या लोकांना हे सांगून बघ, विश्वास ठेवणार नाहीत. फोर्डकडून बिघडलं ते रूप. २००१ ची एक्स-टाइप फोर्ड मॉन्डिओच्या पायावर उभी केली आणि गिऱ्हाईकाने ते ओळखलं. जुन्या आकारांची नक्कल चालू राहिली. लायन्सच्या वेळी रूप होतं आणि टिकाऊपणा कमी. फोर्डच्या वेळी टिकाऊपणा आला आणि रूप गेलं. इयन कॅलमच्या एक्सएफने ते परत आणलं, तोवर फोर्डचाच पैसा संपत आला होता.

२ जून २००८ ला टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २३० कोटी डॉलरना घेतल्या. तीन महिन्यांत अमेरिकेतल्या बँका कोसळल्या. त्या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित अडीच हजार कोटींच्या आसपास तोटा झाला आणि मुंबईतले भले भले म्हणत होते की रतन टाटांनी घराणं बुडवलं. डेट्रॉइटमध्ये फोर्डच्या लोकांनी केलेल्या अपमानाचा टाटांनी बदला घेतला, ही गोष्ट तुलाही व्हॉट्सअॅपवर आली असेल. त्या बैठकीची हकिकत टाटांच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर समारंभात सांगितलेली आहे, तेव्हा बैठक कडू झाली असेल. पण बदल्यासाठी कुणी २३० कोटी डॉलर घालत नाही. टाटांनी विकत घेतले ते इंजिनिअर, रेखाटनकार आणि दोन नावं. आणि त्यांनी तिथे पुण्या-मुंबईहून साहेब पाठवून राज्य केलं नाही. तिथल्या लोकांना पैसे आणि वेळ दिला. मला यात मोठेपण दिसतं. तू वॉरिकच्या ज्या विभागात शिकणार आहेस त्या डब्ल्यूएमजीचे संस्थापक कुमार भट्टाचार्य यांचा टाटांशी या सगळ्या काळात जवळचा संबंध होता. जॅग्वार लँड रोव्हर, टाटा आणि विद्यापीठ यांनी मिळून उभ्या केलेल्या तिथल्या संशोधन केंद्राच्या इमारतीला त्यांचंच नाव आहे.

२०११ पासून या गाड्यांची जोडणी पुण्यात होऊ लागली, आधी लँड रोव्हरची फ्रीलँडर, मग जॅग्वारची एक्सएफ. भाग इंग्लंडहून यायचे, जोडणारे हात आपले. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोत, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्समध्ये, टूलरूम आणि अप्रेंटिस शाळा उभ्या केल्या तेव्हा त्यांच्यावर ‘ट्रक बनवायला एवढं कशाला’ अशी टीका झाली असेलच. त्या शाळांनी या पट्ट्यात जो हात तयार केला, त्याच्या जिवावर भोसरी आणि चाकण उभं आहे.

पुढचं थोडक्यात. २०१८ ची विजेवरची आय-पेस पुढच्या वर्षी ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ ठरली, तरी विक्रीत जॅग्वार ही लँड रोव्हरच्या सावलीतच राहिली. २०२४ च्या अखेरीस कंपनीने जुनी मॉडेलं आवरती घेतली, चिन्ह बदललं, गुलाबी-निळ्या रंगांत एक नमुना दाखवला आणि यापुढे फक्त विजेच्या, फार महागड्या गाड्या करू म्हणून सांगितलं. जगभर ओरड झाली. माझं मत विचारशील तर चिन्हावर भांडण्यात मला रस नाही. ‘एसएस’ टाकून लायन्सनेही नावच बदललं होतं. मला खटकतं ते वेगळं: दाम अर्धा, दिमाख दुप्पट, हा त्या घराचा पाया होता आणि तो त्यांनी सोडला. २०२५ च्या सप्टेंबरात सायबर हल्ल्याने जॅग्वार लँड रोव्हरचे कारखाने महिनाभर थांबले, तेव्हा सर्वांत आधी मेटाकुटीला आले ते मिडलँड्समधले छोटे पुरवठादार. आपल्या भोसरीसारखेच गाळे.

तिथे गेलीस की एका रविवारी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जा. जॅग्वारच्या जुन्या गाड्या तिथे जपलेल्या आहेत. कॉव्हेंट्रीत भर वस्तीत वाहन संग्रहालय आहे, तेही बघ. ब्राउन्स लेनला जाऊन कारखाना शोधू नकोस, तो पाडला. तिथल्या उद्योगवसाहतीला लायन्सचं नाव दिलंय. आणि नवी जॅग्वार रस्त्यावर दिसली की तिच्या वेगाचे आणि किमतीचे आकडे मला पाठवू नकोस, ते इथे पेपरात येतात. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, बीडिंगचं रबर कोपऱ्यात दुमडलंय का, ते जवळ जाऊन बघ. ज्यांनी घेतली त्यांना पहिल्या दोन हिवाळ्यांत गॅरेजला किती वेळा जावं लागलं ते विचार, आणि तेवढं मला लिही.

तुझा
मामा